बटण दाबल्यापासून ठोसा दिसेपर्यंत

कन्सोलवरच्या फायटिंग गेममध्ये बटण दाबणे आणि पडद्यावर ठोसा दिसणे या दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्यासारख्या वाटतात, पण मध्ये नेहमीच काही मिलिसेकंद जातात. या उशिराला इनपुट लॅग म्हणतात. तो कधीच शून्य नसतो. त्यात कंट्रोलरचा वाटा असतो, कन्सोलचा असतो, खुद्द गेमचा असतो आणि शेवटी टीव्हीचा किंवा मॉनिटरचा. गेमच्या आणि कन्सोलच्या वाट्यापुढे खेळाडूचे फारसे काही चालत नाही. कंट्रोलरचा वाटा बहुधा लहान असतो. पडद्याचा वाटा मात्र घरोघरी वेगळा निघतो, कधीकधी बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा मोठा भरतो, आणि तरीही बहुतेक वेळा रिमोटवरची चार बटणे दाबून, एक पैसाही न खर्चता कमी करता येतो. इनपुट लॅगविषयी जाणून घेण्यासारखे जे आहे त्यातले बरेचसे पडद्याभोवती फिरते ते यामुळेच.

फायटिंग गेममधला वेळ सेकंदात नाही, फ्रेममध्ये मोजला जातो. कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर २ आर्केडमध्ये आला तो १९९१ साली. तेव्हापासून या प्रकारातले जवळपास सगळे नावाजलेले गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या आसपास चालतात. म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. कोणता ठोसा किती फ्रेमनी लागतो, हुकला तर मारणारा किती फ्रेम अडकून पडतो, अडवला गेला तर कोणाला किती फ्रेमची आघाडी मिळते, याची कोष्टके मुरलेल्या खेळाडूंना तोंडपाठ असतात. साहसकथेच्या गेममध्ये तीन फ्रेमचा उशीर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. इथे तेवढ्यात बाजू पालटते. स्ट्रीट फायटर ६ मधली परफेक्ट पॅरी, म्हणजे फटका अचूक क्षणी परतवणे, साधायची तर प्रतिस्पर्ध्याचा फटका पॅरीच्या पहिल्या दोन फ्रेममध्येच यावा लागतो. टेकेनमधल्या मिशिमा घराण्याचा ‘इलेक्ट्रिक’ ठोसा निघायला शेवटची दिशा आणि बटण एकाच फ्रेमवर जुळावे लागतात.

लॅगचा हिशेब प्रत्यक्षात कसा लागतो हे पाहायला स्ट्रीट फायटर ६ मधलाच ड्राइव्ह इम्पॅक्ट सोयीचा आहे. २०२३ साली आलेल्या या गेममध्ये हा जबर फटका सुरू झाल्यापासून लागेपर्यंत २६ फ्रेम घेतो, म्हणजे ४३३ मिलिसेकंद. तेवढ्या अवधीत समोरच्याने स्वतःचा ड्राइव्ह इम्पॅक्ट सोडला तर त्याचा फटका वरचढ ठरतो. कागदावर ४३३ मिलिसेकंद म्हणजे चैन वाटते, पण त्यातून आधी वजाबाकी करावी लागते. गेम आणि कन्सोल यांचा मिळून चार फ्रेमचा उशीर धरला तर ६७ मिलिसेकंद गेले आणि ३६६ उरले. टीव्ही १५ मिलिसेकंद घेणारा असेल तर हाती ३५१ राहतात. टीव्ही १०० घेणारा असेल तर २६६. यातला काही उशीर चित्राच्या बाजूने येतो आणि काही बटणाच्या बाजूने, पण वजा दोन्ही होतात.

आता माणसाची बाजू. धडधाकट तरुणाला नुसता दिवा लागलेला पाहून बटण दाबायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात, आणि तेही सगळे लक्ष त्या एका दिव्यावर असताना. सामन्यात प्रतिस्पर्ध्याची उडी, फेकलेला गोळा, थ्रोचा धोका, कोपऱ्यात अडकण्याची भीती, वरच्या पट्टीत उरलेली ताकद हे सगळे एकाच वेळी डोक्यात चालू असते. तिथे ३०० मिलिसेकंद सहज जातात. पहिल्या टीव्हीवर ड्राइव्ह इम्पॅक्ट बघून उत्तर देता येते. दुसऱ्या टीव्हीवर तो येणार असा कयास बांधून बटण दाबावे लागते, आणि कयास चुकला की स्वतःचा फटका वाया जाऊन शिक्षा होते.

लॅगमुळे सगळेच सारखे बिघडते असे मात्र नाही. कंबोमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या फटक्यांच्या मालिकेत, एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंतचे अंतर महत्त्वाचे असते. उशीर कायम तेवढाच राहिला तर दोन्ही बटणे सारखीच मागे सरकतात आणि अंतर जिथल्या तिथे राहते. त्यामुळे भरपूर लॅग असलेल्या टीव्हीवरही सराव झालेला खेळाडू कंबो बिनचूक काढतो आणि आपला टीव्ही उत्तम आहे असे समजून चालतो. ट्रेनिंग मोडमध्ये निश्चल उभ्या बाहुल्यासमोर हा दोष वर्षानुवर्षे झाकलेला राहू शकतो. तो उघडा पडतो उडी मारून येणाऱ्याला हवेत गाठताना, वरून येणारा फटका उभे राहून अडवताना, किंवा आपला फटका लागला की अडवला गेला हे पाहून पुढचा ठरवताना. हरणारा खेळाडू अशा वेळी स्वतःच्या हातांना दोष देतो. कित्येकदा दोष भिंतीवर टांगलेला असतो.

बटणापासून पडद्यापर्यंतची वाट थोडक्यात अशी आहे. कंट्रोलरमधली चिप बटणांची स्थिती ठरावीक अंतराने कन्सोलला कळवते. यूएसबीने जोडलेल्या चांगल्या आर्केड स्टिकमध्ये हे अंतर एका मिलिसेकंदाचे असते. गेम मात्र फ्रेममागे एकदाच इनपुट वाचतो. वाचनाच्या ऐन आधी दाबलेले बटण लगेच धरले जाते, वाचन नुकतेच होऊन गेल्यावर दाबलेले बटण जवळपास पूर्ण फ्रेम ताटकळते. सरासरीने अर्धी फ्रेम, म्हणजे ८.३ मिलिसेकंद, इथेच खर्ची पडते, आणि कितीही महागडा टीव्ही ती परत मिळवून देऊ शकत नाही. पुढे गेम त्या फ्रेमची गणिते करतो, ग्राफिक्स चिप चित्र रंगवते, रंगवलेले चित्र रांगेत थांबते आणि पाळी आली की एचडीएमआयमधून बाहेर पडते. रांग लांब ठेवली की चित्र अडखळत नाही, पण रांगेतले प्रत्येक चित्र एक फ्रेम खाते.

ही आतली वाट किती लांब असू शकते हे स्ट्रीट फायटर ५ ने दाखवले. फेब्रुवारी २०१६ मध्ये तो प्लेस्टेशन ४ वर आला तेव्हा बटणापासून चित्रापर्यंत सुमारे आठ फ्रेम जात असल्याचे खेळाडूंनी मोजून काढले. टीव्हीचा उशीर त्यात धरलेलाच नव्हता. बराच गहजब झाल्यावर नंतरच्या एका अपडेटमधून कॅपकॉमने तो आकडा खाली आणला. त्यानंतर लॅग हा विषय चार हौशी लोकांच्या कुरबुरीपुरता राहिला नाही. स्ट्रीट फायटर ६ च्या सेटिंगमध्ये इनपुटचा उशीर घटवण्याचा पर्याय वेगळा दिलेला आहे, यावरून कंपनीने धडा घेतल्याचे दिसते.

पडद्याकडे वळताना आधी जुन्या सीआरटी टीव्हीचा विचार करावा लागतो, कारण तुलनेची पट्टी तिथून येते. साध्या सीआरटीमध्ये आलेले चित्र साठवून ठेवायला जागाच नसते. सिग्नलचा चढउतार तसाच इलेक्ट्रॉनांच्या झोतापर्यंत पोहोचतो आणि झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ काढत वरून खाली उतरतो. कन्सोलने ओळ पाठवली की ती पडद्यावर उजळलीच. २००१ सालचा, गेमक्यूबवरचा सुपर स्मॅश ब्रदर्स मेली खेळणारे आजही स्पर्धेला अवजड सीआरटी वाहून आणतात, त्यामागे जुन्या दिवसांच्या ओढीपेक्षा हे कारण मोठे आहे. मात्र टीव्हीचे पोट मोठे म्हणजे लॅग नाही, असा नियम करता येत नाही. शेवटच्या काळातले १०० हर्ट्झचे डिजिटल सीआरटी चित्र आधी साठवत आणि मग दुप्पट वेगाने दाखवत. काचेची नळी असूनही त्यांना लॅग होता.

सपाट टीव्हीत चित्र पडद्यावर येण्याआधी एका प्रोसेसरमधून जाते, आणि खरा वेळ तिथे मोडतो. आलेले चित्र पडद्याच्या मापाचे करायचे, कडा धारदार करायच्या, दाणेदारपणा पुसायचा, रंग खुलवायचे, चित्राचा कोणता भाग काळा आहे हे पाहून मागचा दिवा मंद करायचा, अशी ही कामांची यादी आहे. सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना बघताना यातले काहीच खटकत नाही, कारण आवाजही तेवढाच मागे ठेवला जातो आणि प्रेक्षक रिमोटने फलंदाजी करत नसतो. यातली सर्वांत महाग सोय म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी. सोनी तिला मोशनफ्लो म्हणते, एलजी ट्रूमोशन म्हणते, सॅमसंगच्या मेनूत ती ऑटो मोशन प्लस या नावाने असते. दोन खऱ्या चित्रांच्या मधले एक कल्पित चित्र टीव्ही स्वतः तयार करतो. मधले चित्र काढायचे तर पुढचे चित्र हातात असायला हवे, म्हणून टीव्हीला पुढचे चित्र येईपर्यंत थांबावेच लागते. किमान एक फ्रेम इथे जाणारच, प्रत्यक्षात अनेकदा जास्त जातात. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी ही अडचण सुटत नाही, कारण वाट बघण्याला वेगाचा उपाय नाही.

या सगळ्या सोयी चालू असलेल्या टीव्हीचा उशीर ६० ते १०० मिलिसेकंद आणि क्वचित त्याहूनही पुढे जातो. म्हणजे चार ते सहा फ्रेम. २०१० च्या आसपासच्या अनेक एलसीडी टीव्हींमध्ये गेम मोड, म्हणजे ही प्रक्रिया गाळणारे सेटिंग, लावूनसुद्धा ३०-४० मिलिसेकंद उरत. अलीकडचे चांगले ओएलईडी टीव्ही गेम मोडमध्ये, ६० हर्ट्झच्या सिग्नलवर, १० ते १५ मिलिसेकंदांवर येतात. तोच टीव्ही गेम मोड काढून सिनेमाच्या मोडवर नेला तर हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. महागडा टीव्ही आणून चुकीच्या मोडवर खेळणारा खेळाडू स्वस्त मॉनिटरवाल्यापेक्षा मागे राहतो तो असा.

प्रक्रिया पूर्ण बंद केली तरी एक भाग उरतोच. ६० हर्ट्झच्या सिग्नलमध्ये चित्र एकदम येत नाही. वरची ओळ आधी, खालची शेवटी, आणि सगळ्या ओळी यायला जवळपास अख्खी फ्रेम लागते. त्यामुळे एकाच चित्रात वरची ताकदीची पट्टी आधी बदलते, मधला भाग सुमारे ८ मिलिसेकंदांनी, आणि खालचा सुपर मीटर सुमारे १६ मिलिसेकंदांनी. झोपून मारलेली लाथ उडीतल्या लाथेपेक्षा पडद्यावर खाली असते, म्हणजे ती काही मिलिसेकंद उशिराच दिसते. हे सीआरटीमध्येही होते. याला टीव्हीचा दोष म्हणता येत नाही, चित्र पाठवण्याची पद्धतच तशी आहे.

लॅगचे आकडे वाचताना होणारा गोंधळ बहुतेक इथूनच निघतो. लिओ बोडनार या ब्रिटिश कंपनीचे मोजणीयंत्र या कामासाठी सर्वत्र वापरले जाते. लहानशी डबी, एचडीएमआयने टीव्हीला जोडायची. ती पडद्यावर वर, मध्ये आणि खाली अशा तीन पांढऱ्या पट्ट्या उघडझाप करत दाखवते. डबीचा प्रकाश टिपणारा डोळा पट्टीवर टेकवला की मिलिसेकंदांचा आकडा येतो. या आकड्यात ओळी उतरण्याचा वेळ धरलेला असतो, म्हणून ६० हर्ट्झवर मधल्या पट्टीचा आकडा आठाच्या खाली जाणे अपेक्षितच नाही. दुसरी जुनी पद्धत अशी की एकच सिग्नल सीआरटीला आणि नव्या पडद्याला द्यायचा, दोन्हींवर धावते घड्याळ लावायचे आणि दोन्ही पडदे एकाच फोटोत टिपून फरक काढायचा. सीआरटीमध्येही ओळी तशाच उतरत असल्याने तो वेळ इथे वजा होऊन जातो. एकाच मॉनिटरला पहिली पद्धत १० मिलिसेकंद देते आणि दुसरी २, आणि दोन्ही खरे असतात. कोणत्या पद्धतीने मोजले हे न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी समजावा.

खोक्यावर छापलेला ‘१ मिलिसेकंद’ हा आणखी वेगळा प्रकार. तो पिक्सेलचा रंग बदलायला लागणारा वेळ असतो आणि सर्वांत अनुकूल परिस्थितीत मोजलेला असतो. एलसीडीमध्ये हा बदल संथ असला की हालचालीमागे पुसट शेपूट दिसते. ओएलईडीमध्ये ती जवळपास दिसत नाही. पण शेपूट नसणे आणि लॅग नसणे या भिन्न गोष्टी आहेत. १ मिलिसेकंदाची जाहिरात करणारा पडदा ५० मिलिसेकंदांचा लॅग घेऊन येऊ शकतो.

यंत्र नसेल तर हल्लीच्या फोनचा सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो मोशन कॅमेरा पुरतो. बटण दाबणारे बोट आणि पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा फोन उभा करायचा, साधा ठोसा मारायचा, आणि बोट खाली टेकल्यापासून पात्र हलेपर्यंतची चित्रे मोजायची. प्रत्येक चित्र ४.२ मिलिसेकंदांचे. आधी सांगितलेल्या अर्ध्या फ्रेमच्या ताटकळण्यामुळे एकेका ठोशाचा आकडा वरखाली होतो, म्हणून वीस-तीस ठोशांची सरासरी घ्यावी लागते. यातून मिळतो तो संपूर्ण वाटेचा उशीर. तोच कन्सोल, तोच गेम आणि तोच कंट्रोलर दुसऱ्या पडद्याला जोडून पुन्हा मोजले की दोन पडद्यांमधला फरक नेमका कळतो, आणि घरच्या निर्णयाला तेवढे पुरेसे असते.

कमी करण्याच्या उपायांत गेम मोड पहिला आणि सर्वांत मोठा. तो लावला की टीव्ही वरची बहुतेक प्रक्रिया गाळून चित्र थेट पुढे सरकवतो. रंग थोडे फिके वाटतात, कडा मऊ दिसतात, आणि घरातले इतर लोक टीव्ही बिघडला म्हणून तक्रार करतात. अनेक टीव्हींमध्ये हा मोड प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लक्षात ठेवला जातो. कन्सोल दुसऱ्या पोर्टला हलवला की सेटिंग पुन्हा करावे लागते, आणि हे विसरणारे पुष्कळ असतात. एचडीएमआय २.१ या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात यावर ऑटो लो लेटन्सी मोडची सोय आहे. कन्सोल स्वतःच टीव्हीला ‘आता गेम चालू आहे’ असे कळवतो आणि टीव्ही मोड बदलतो. एक्सबॉक्सने ही सोय २०१८ मध्ये दिली, पुढे प्लेस्टेशन ५ मध्येही ती आली. टीव्हीला ती समजत असेल तर चांगलेच, पण एकदा मेनूत जाऊन खात्री केलेली बरी.

काही टीव्हींत, विशेषतः स्वस्त मॉडेलांत, चित्रांच्या प्रकारांमध्ये ‘गेम’ असा एक पर्याय असतो जो फक्त रंग भडक करतो. लॅगवर त्याचा काही परिणाम होत नाही. खरा गेम मोड कधीकधी बाहेरच्या उपकरणांच्या किंवा सर्वसाधारण सेटिंगच्या मेनूत आत दडलेला असतो. तो मुळातच नसेल तर हालचाल गुळगुळीत करणे, दाणे पुसणे, आपोआप कॉन्ट्रास्ट आणि दिवा मंद करणे हे एकेक करून बंद करत जावे. सॅमसंग आणि एलजीच्या बऱ्याच टीव्हींत एचडीएमआय पोर्टचे नाव बदलून ‘पीसी’ ठेवले की प्रक्रिया कमी होते. कारण टीव्ही समोर संगणक आहे असे धरून चित्रात फारशी ढवळाढवळ करत नाही. हालचाल स्पष्ट दिसावी म्हणून मध्ये काळी चित्रे घालणारी सोय काही टीव्हींत लॅग वाढवते, तेव्हा ती मोजून पाहिल्याशिवाय वापरू नये.

कन्सोल आणि टीव्ही यांच्यामध्ये आलेली उपकरणेही तपासावी लागतात. सिग्नल जसाच्या तसा दोन ठिकाणी वाटणारा साधा स्प्लिटर जवळजवळ काहीच वेळ घेत नाही. चित्राचे माप बदलणारा एव्ही रिसीव्हर घेऊ शकतो, म्हणून त्यातले स्केलिंग बंद ठेवतात. बिनतारी एचडीएमआयची जोडणी फायटिंग गेमसाठी टाळलेलीच बरी. रेकॉर्डिंगसाठी कॅप्चर कार्ड वापरणाऱ्यांची एक नेहमीची चूक म्हणजे संगणकाच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्राकडे बघून खेळणे. ते चित्र मागे असते. कार्डाच्या पासथ्रू पोर्टला लावलेल्या पडद्याकडे बघूनच खेळायचे असते. महाग केबलने मात्र लॅग कमी होत नाही. केबल सिग्नल नेते किंवा नेत नाही.

टीव्ही की मॉनिटर या वादात पूर्वी उत्तर सरळ होते. २००४ साली अमेरिकेतल्या इव्हो या स्पर्धेने आर्केडची कपाटे सोडून कन्सोल स्वीकारले, आणि सीआरटी मागे पडू लागल्यावर कोणत्या पडद्यावर खेळायचे हा आयोजकांपुढचा मोठा प्रश्न झाला. उत्तर म्हणून आसूसचा व्हीएच२३६एच हा २३ इंची साधा मॉनिटर स्पर्धांचा ठरलेला पडदा झाला, आणि पुढे बेनक्यूची आरएल मालिका आली. या मॉनिटरांत बाकी काही खास नव्हते. ते चित्राला हात न लावता दाखवत, बोडनारच्या यंत्रावर १० मिलिसेकंदांच्या आसपास येत, आणि सगळीकडे एकसारखे मिळत. आजचा चांगला टीव्ही गेम मोडमध्ये या मॉनिटरांच्या अगदी जवळ पोहोचतो. त्यामुळे केवळ लॅगसाठी टीव्ही बदलून मॉनिटर घेण्याचे कारण पूर्वीइतके बळकट राहिलेले नाही. गेम मोडमध्येही ४० मिलिसेकंद घेणारा जुना टीव्ही असेल तर ते कारण अजून पुरेसे बळकट आहे.

१२० हर्ट्झचा फायदाही असाच नीट समजून घ्यावा. गेमची गणिते ६० नेच चालतात, फटक्यांच्या फ्रेम बदलत नाहीत. पण १२० हर्ट्झच्या सिग्नलमध्ये एक चित्र वरून खाली उतरायला १६.७ ऐवजी ८.३ मिलिसेकंद लागतात. पडद्याच्या मध्यभागी सुमारे ४ आणि तळाशी ८ मिलिसेकंद वाचतात. गेमने ही सोय दिली असेल आणि टीव्ही ती घेत असेल तर ती सोडण्याचे कारण नाही. फुल एचडीवर त्यासाठी एचडीएमआय २.० चे पोर्टही चालते, ४के चित्र १२० हर्ट्झवर हवे असेल तर २.१ लागते. मात्र १०० वरून १५ वर आलेल्या खेळाडूला जो फरक जाणवतो त्याच्या पासंगालाही १० वरून ६ वर येण्याचा फरक पुरत नाही. आधीचा टप्पा न गाठता दुसऱ्यासाठी पैसे घालणे उलटे आहे.

जुन्या कन्सोलचा प्रश्न निराळा, आणि तो महाराष्ट्रातल्या एका पिढीला ओळखीचा आहे. शहरांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टेकेन ३ साध्या सीआरटीवर खेळला जाई. लॅग हा शब्द कोणाला माहीत नव्हता, कारण त्या टीव्हींत तो नव्हताच. अडचण वेगळी होती. भारतातली टीव्हीची पद्धत पाल, ५० हर्ट्झची, म्हणजे फ्रेम २० मिलिसेकंदांची. पाल प्रदेशासाठी काढलेले त्या काळचे बरेच गेम संथ चालत आणि वरखाली काळ्या पट्ट्या दाखवत. अमेरिकी किंवा जपानी आवृत्ती लावावी तर ती पद्धत न कळणाऱ्या टीव्हीवर चित्र कृष्णधवल होई. आज तोच कन्सोल नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला तर टीव्हीला अर्ध्या अर्ध्या ओळींची चित्रे जुळवून एक करावी लागतात आणि ती मोठीही करावी लागतात. त्यात पुष्कळ वेळ जातो, आणि काही टीव्हींचा गेम मोड या सिग्नलवर नीट कामच करत नाही. ओएसएससीसारखी ओळ दुप्पट करणारी उपकरणे अख्खे चित्र न साठवता ओळीगणिक काम करतात, म्हणून त्यांचा उशीर नगण्य असतो. चित्र साठवून मोठे करणारा फ्रेममायस्टर हा जुना स्केलर दिसायला सुरेख, पण एक फ्रेमहून अधिक वेळ घेणारा होता.

पडद्याबाहेरच्या दोन गोष्टी या हिशेबात हमखास निसटतात. पहिली आवाजाची. माणूस आवाजाला दृश्यापेक्षा लवकर प्रतिसाद देतो, साधारण १४० ते १६० मिलिसेकंदांत, आणि फायटिंग गेममधले पुष्कळ फटके आवाजावरून ओळखता येतात. ब्लूटूथ हेडफोन सहज १००-२०० मिलिसेकंद मागे असतात. पडद्यावर महत्प्रयासाने वाचवलेला वेळ तिथे कानावाटे निघून जातो. तारेचा हेडफोन कंट्रोलरला लावणे हा स्वस्तातला उपाय. दुसरी गोष्ट बिनतारी कंट्रोलरची. त्याचा लॅग पूर्वी वाटे तितका मोठा नसतो, पण गर्दीच्या सभागृहात डझनावारी कंट्रोलर एकाच लहरींवर बोलत असतात. शिवाय आधीच्या सामन्यातला कंट्रोलर कन्सोलशी जोडलेलाच राहिला आणि कोपऱ्यात बसलेल्या कोणाचा अंगठा चुकून त्याच्या मधल्या बटणावर पडला तर ऐन रंगात आलेला सामना थांबतो. स्पर्धांमध्ये तारेचा आग्रह धरतात तो मुख्यतः यासाठी.

ऑनलाइन खेळताना लागणारा उशीर हा वेगळा विषय आहे. तो जाळ्यातून निरोप जायला-यायला लागतो, आणि इव्होच्या संस्थापकांपैकी टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये आणलेल्या जीजीपीओसारख्या रोलबॅक (अंदाजाने पुढे जाऊन चूक निघाल्यास मागे येणाऱ्या) पद्धतींनी तो झाकला जातो. टीव्हीचा लॅग रोलबॅकने कमी होत नाही, तो त्यावर भर म्हणून राहतो. ऑनलाइन सामना जड वाटला की दोष इंटरनेटला देण्याआधी ट्रेनिंग मोडमध्ये तोच जडपणा आहे का ते पाहणे योग्य.

घर आणि स्पर्धा यांचे पडदे शक्य तितके सारखे असावेत, कारण हात उशिराशी जुळवून घेतात आणि जुळलेले हात एका दुपारीत बदलत नाहीत. घरी ४० मिलिसेकंदांवर सराव करून १० मिलिसेकंदांच्या मॉनिटरवर आलेला खेळाडू सुरुवातीचे सामने लवकर दाबलेल्या बटणांमुळे गमावू शकतो, जरी दुसरा पडदा नि:संशय चांगला असला तरी. स्पर्धेत सामन्याआधी बटणे तपासायला थोडा वेळ देतात. त्यात बहुतेक जण फक्त कोणते बटण कुठे आहे एवढेच पाहतात. तेवढ्याच वेळात दोनचार उड्या मारून, एखादा ओळखीचा फटका हवेत गाठून पाहिला तर पडदा गेम मोडवर आहे की नाही याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. शंका आली तर ती पहिल्या फेरीच्या आधीच आयोजकांना सांगावी लागते, सामना सुरू झाल्यावर केलेली तक्रार सहसा धरली जात नाही.